महामारीत बेकारी भत्त्याचा प्रतीक्षा आठवडा माफ झाला, म्हणजे काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे दुकानं, हॉटेलं, कारखाने एका फटक्यात बंद झाले. तेव्हा बऱ्याच सरकारांनी अगदी सुरुवातीलाच एक निर्णय घेतला: बेकारी भत्त्यातला प्रतीक्षा काळ तात्पुरता रद्द. निर्णय दोन ओळींचा होता, पण त्यावरून झालेला गोंधळ वर्षभर पुरला. खालची बहुतेक उत्तरं अमेरिकेबद्दल आहेत, कारण तिथे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असल्याने सगळ्यात जास्त शंकाही तिथूनच येतात. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, युरोप आणि भारत यांच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

प्रतीक्षा काळ म्हणजे नक्की काय?

नोकरी गेली, अर्ज केला, तुम्ही पात्रही ठरलात, तरी सुरुवातीच्या ठरावीक दिवसांचा भत्ता मिळत नाही. हे बिनपैशाचे दिवस म्हणजे प्रतीक्षा काळ. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तो एका आठवड्याचा आहे आणि भत्त्याच्या एका वर्षात एकदाच लागतो. मध्ये काही दिवस काम मिळून पुन्हा गेलं तर त्याच वर्षात दुसऱ्यांदा थांबावं लागत नाही.

अर्ज तपासायला खात्याला जो वेळ लागतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. निम्म्याहून अधिक शंका ही दोन प्रकारची थांबणी एकच समजल्यामुळे येतात, म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलं.

पण पात्र माणसाला पहिल्या आठवड्याचे पैसे नाकारायचेच कशाला?

ही पद्धत बेकारी विम्याइतकीच जुनी आहे. ब्रिटनच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात काही ठरावीक धंद्यांतल्या कामगारांना आठवड्याला ७ शिलिंग मिळायचे, तेही पहिला आठवडा सोडून आणि वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर राज्यांनी आपापल्या योजना उभ्या केल्या, तेव्हा हा काळ दोन ते चार आठवड्यांचा असे. महामंदी ताजी होती आणि भत्त्याचा फंड आटण्याची धास्ती मोठी होती. पुढे तो कमी होत एका आठवड्यावर आला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५२ च्या १०२ क्रमांकाच्या करारातही पहिले सात दिवस भत्ता न देण्याची मुभा आहे.

कारणं तीन-चार सांगितली जातात. गाडीच्या विम्यात पहिली काही रक्कम आपणच भरतो, तसा छोटा फटका कामगाराने स्वतः सोसावा. चार-सहा दिवसांत दुसरं काम मिळणाऱ्यांच्या अर्जांवर खात्याचा वेळ जाऊ नये. फंडाची बचत व्हावी. आणि जुन्या मालकाकडून खरं-खोटं करून घ्यायला सवड मिळावी. यातलं शेवटचं कारण मला कधीच पटलेलं नाही. मालकाला नोटीस जाते, तो उत्तर देतो, हे सगळं प्रतीक्षा आठवडा असो वा नसो, चालतंच. फंडाची बचत हे मात्र खरं कारण आहे, आणि उघडपणे बोललं जात नाही तेही हेच.

मग महामारीत तो माफ का केला?

कारण त्यामागचा सगळा हिशेबच कोलमडला. २१ मार्च २०२० रोजी संपलेल्या आठवड्यात अमेरिकेत सुमारे ३३ लाख नवे अर्ज आल्याचं जाहीर झालं. त्याआधीचा उच्चांक ऑक्टोबर १९८२ मधला ६ लाख ९५ हजारांचा होता. पुढच्याच आठवड्यात आकडा त्या ३३ लाखांच्याही दुपटीवर गेला.

‘आठवडाभर कळ काढा, तेवढ्यात दुसरं काम बघा’ हे सांगायला आधी दुसरं काम असावं लागतं. शिवाय एक वेगळी अडचण होती. ज्याला ताप आहे किंवा ज्याच्या घरी रुग्ण आहे, त्याने घरीच थांबावं असं सरकार सांगत होतं. अशा माणसाच्या बाबतीत पहिले सात दिवसच सगळ्यात महत्त्वाचे, आणि नेमके तेच बिनपगारी ठेवले तर तो खोकत खोकत कामावर जाणार. म्हणून हा निर्णय जितका अर्थखात्याचा होता तितकाच आरोग्यखात्याचाही होता.

निर्णय कोणी घेतला? गव्हर्नरला तेवढा अधिकार असतो का?

राज्यावर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी १२ मार्च २०२० च्या कार्यकारी आदेशानेच तो माफ केला, तोही बेकारी भत्ता आणि आजारपणाचा भत्ता या दोन्हींसाठी. न्यूयॉर्क, ओहायो, टेक्सास या राज्यांतही मार्चमध्येच निर्णय झाला. आणीबाणी जाहीर झाल्यावर काही कायदेशीर अटी स्थगित ठेवण्याची मुभा गव्हर्नरला असते, तिचा उपयोग झाला.

विस्कॉन्सिनमध्ये मात्र प्रतीक्षा आठवडा कायद्यातच लिहिलेला, त्यामुळे विधिमंडळाशिवाय गत्यंतर नव्हतं. तिथला कायदा १५ एप्रिल २०२० रोजी सहीला गेला आणि १२ मार्चपासून मागील तारखेने लागू झाला. गंमत अशी की देशातला पहिला बेकारी विमा कायदा याच राज्याने १९३२ मध्ये केला होता.

उशिराची किंमत राज्याच्या तिजोरीलाही पडू शकत होती. ती कशी, हे खर्चाच्या प्रश्नात येईल.

प्रतीक्षा आठवडा सगळ्याच राज्यांत होता का?

नाही. मिशिगन, कनेक्टिकट, आयोवा, मेरीलँड अशा काही राज्यांत तो महामारीपूर्वीच नव्हता. तिथल्या लोकांसाठी ‘माफी’ची बातमी म्हणजे काहीच बातमी नव्हती. शेजारच्या राज्यातल्या मित्राला एक आठवडा जास्त मिळाला आणि मला नाही, असं वाटणाऱ्यांनी आधी आपल्या राज्याचा मूळ नियम पाहावा.

म्हणजे मला एकूण एक आठवड्याचे पैसे जास्त मिळाले ना?

इथेच खरी मेख आहे. उत्तर: तुम्ही किती दिवस बेकार राहिलात त्यावर.

एक काल्पनिक हिशेब करू. समजा भत्ता आठवड्याला ३०० डॉलर आणि कमाल मुदत २६ आठवडे. एक बाई पाच आठवड्यांनी कामावर परतली. प्रतीक्षा आठवडा असता तर तिला चारच आठवड्यांचे, म्हणजे १,२०० डॉलर मिळाले असते. माफीमुळे पाचही आठवड्यांचे १,५०० मिळाले. तिचा निव्वळ फायदा ३०० डॉलर.

आता दुसरा माणूस. तो तीस आठवडे बेकार राहिला. प्रतीक्षा आठवडा असता तर त्याला दुसऱ्यापासून सत्ताविसाव्या आठवड्यापर्यंत २६ आठवड्यांचे ७,८०० डॉलर मिळाले असते. माफीनंतर पहिल्यापासून सव्विसाव्यापर्यंत, म्हणजे पुन्हा ७,८०० डॉलरच. पैसे आठवडाभर आधी आले आणि आठवडाभर आधी संपले. एकूण रकमेत एका डॉलरचाही फरक नाही.

याचं कारण असं की प्रतीक्षा आठवडा तुमच्या २६ आठवड्यांच्या शिलकीतून वजा होत नाही. तो फक्त सुरुवात पुढे ढकलतो. दीर्घकाळ बेकार राहणाऱ्यासाठी माफी म्हणजे उचल, थोडे दिवस बेकार राहणाऱ्यासाठी खरी वाढ. मार्च-एप्रिल २०२० मध्ये सरकारांना आपण दोन महिन्यांत सगळं उघडू असं वाटत होतं, त्यामुळे बहुतेक लोक पहिल्या प्रकारात मोडतील हा अंदाज होता. प्रत्यक्षात अनेक जण दुसऱ्या प्रकारात गेले. मार्च २०२० च्या केअर्स कायद्याने, म्हणजे केंद्राच्या कोरोना मदत कायद्याने, २६ आठवडे संपल्यावर आणखी १३ आठवडे दिले नसते, तर ‘आधी दिलं आणि आधीच संपवलं’ ही तक्रार कितीतरी मोठी झाली असती.

त्या ६०० डॉलरचा याच्याशी काय संबंध?

मोठा संबंध आहे, आणि हाच मुद्दा फार थोड्यांनी लक्षात घेतला. केअर्स कायद्याने मूळ भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जादा दिले. राज्यांशी करार झाल्यानंतर २९ मार्चपासूनच्या आठवड्यांना ते सुरू झाले आणि जुलै २०२० च्या शेवटी थांबले. पण अट अशी की ज्या आठवड्याचा मूळ भत्ता किमान एक डॉलर तरी मिळाला असेल, त्याच आठवड्याला हे ६०० लागू. प्रतीक्षा आठवड्याला मूळ भत्ता शून्य, म्हणजे ६०० सुद्धा शून्य.

वरच्या उदाहरणातली बाई एप्रिल-मे मध्ये बेकार होती असं धरा. माफी नसती तर तिचे ३०० नव्हे, ९०० डॉलर बुडाले असते. आणि तीस आठवडेवाल्यालाही इथे फरक पडला, कारण मूळ भत्त्याला २६ आठवड्यांची मोजणी होती, पण ६०० डॉलरना कॅलेंडरची तारीख होती. हुकलेला आठवडा मागून भरून निघत नव्हता.

माफी झाली तर पैसे लगेच का आले नाहीत?

कारण माफी नियमाची होती, रांगेची नव्हती. अमेरिकेत केंद्राचा एक जुना निकष आहे: भत्ता देय असलेला पहिला आठवडा संपल्यापासून, प्रतीक्षा आठवडा असलेल्या राज्यांनी पहिले हप्ते १४ दिवसांत आणि नसलेल्या राज्यांनी २१ दिवसांत द्यावेत, आणि हे किमान ८७ टक्के प्रकरणांत पाळलं जावं. दोन आकड्यांतला फरक बरोबर सात दिवसांचा आहे. म्हणजे अगदी सुरळीत काळातही, प्रतीक्षा आठवडा नसल्याने पहिला हप्ता हातात पडण्याची तारीख फारशी अलीकडे येत नाही. हप्ता मोठा येतो, इतकंच.

२०२० मध्ये तर काळ सुरळीत नव्हताच. फोन लागत नव्हते, संकेतस्थळं बसत होती. फ्लोरिडाने ऑनलाइन यंत्रणा कोलमडल्यावर एप्रिलमध्ये कागदी अर्ज वाटायला सुरुवात केली. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी पत्रकार परिषदेत कोबोल ही जुनी संगणकभाषा जाणणारे स्वयंसेवक हवेत असं सांगितलं. १९५९ मध्ये जन्मलेल्या भाषेत लिहिलेले प्रोग्राम अजून भत्त्याचा हिशेब करत होते. अशा जुन्या यंत्रणेत ‘पहिला आठवडा शून्य’ ही ओळ खोल कुठेतरी रुतलेली असते. ती काढताना बाकीचं काही मोडू नये म्हणून काही ठिकाणी आधी दुसऱ्या आठवड्यापासूनचे पैसे दिले गेले आणि पहिल्याचे मागाहून जमा झाले. खात्यात रक्कम कमी दिसली म्हणजे माफी नाकारली, असं तेव्हा समजायचं कारण नव्हतं.

माफी होती, तर पहिल्या आठवड्याचा साप्ताहिक दाखला भरायची गरज होती का?

होती. नक्कीच होती.

बेकारी भत्त्यात एकदा अर्ज करून भागत नाही. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला ‘मी काम केलं नाही, इतकी मिळकत झाली, काम करायला तयार होतो’ असं लिहून द्यावं लागतं. प्रतीक्षा आठवडा असतानाही त्या आठवड्याचा दाखला भरावाच लागायचा, नाहीतर तो आठवडा ‘भोगला’ असं धरलंच जात नसे. माफीनंतर उलट झालं: पहिल्या आठवड्याला पैसेच नसतात अशा जुन्या समजुतीने अनेकांनी तो दाखला सोडून दिला आणि मिळणारे पैसे अडकवून घेतले.

आठवडा मोजायची पद्धतही बघा. बहुतेक राज्यांत तो रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो, आणि दावा अर्ज केलेल्या आठवड्याच्या रविवारपासून धरला जातो. त्यामुळे शनिवारी रात्री केलेला अर्ज आणि रविवारी सकाळी केलेला अर्ज यांत काही तासांचंच अंतर असतं, पण भत्त्यात एका पूर्ण आठवड्याचं. संकेतस्थळ बंद पडल्यामुळे शनिवार हुकला असेल तर मागील तारखेची मागणी करता येत असे, पण ती स्वतःहून करावी लागायची.

माफी जाहीर होण्याआधीच माझा प्रतीक्षा आठवडा होऊन गेला होता. त्याचं काय?

माफी कोणत्या तारखेपासून लागू झाली ते पाहायचं. विस्कॉन्सिनसारख्या मागील तारखेने लागू केलेल्या राज्यात १२ मार्चनंतर सुरू झालेल्या आठवड्यांना ती मिळाली. फेब्रुवारीत नोकरी गेलेल्याला नाही, मग त्याची पुढची सगळी बेकारी कोरोनामुळेच लांबली असली तरी. हा अन्याय वाटतो आणि आहेही. पण तारीख कुठेही आखली तरी कोणीतरी रेषेच्या पलीकडे राहतंच.

काही राज्यांनी सुरुवातीला ‘कोरोनामुळे नोकरी गेलेल्यांनाच’ अशी शब्दरचना वापरली होती. मार्चच्या शेवटी कोणाची नोकरी कशामुळे गेली हे वेगळं काढणं जवळजवळ अशक्यच होतं.

टॅक्सी चालवणारे, स्वतःचा धंदा असणारे यांना प्रतीक्षा आठवडा लागत होता का?

नाही. त्यांच्यासाठी केअर्स कायद्याने महामारी बेरोजगारी सहाय्य नावाची वेगळी योजना काढली आणि तिच्यात प्रतीक्षा काळ मुळात ठेवलाच नाही. त्यांची अडचण वेगळी होती: राज्यांना ही योजना शून्यातून उभी करायची असल्याने अर्जाची खिडकीच अनेक ठिकाणी उशिरा उघडली.

या माफीचा खर्च कोणी केला?

नेहमीचा भत्ता राज्याच्या फंडातून जातो आणि तो फंड मालकांकडून घेतलेल्या करावर चालतो. गंमत म्हणजे महामारीपूर्वी केंद्राचा कल प्रतीक्षा आठवडा ठेवण्याकडेच होता. मंदीत मिळणाऱ्या वाढीव भत्त्याच्या पहिल्या आठवड्याचा केंद्राचा वाटा प्रतीक्षा आठवडा नसलेल्या राज्यांना मिळत नसे.

मार्च २०२० मध्ये हे उलटं फिरलं. १८ मार्चच्या कायद्याने राज्यांना प्रशासकीय खर्चासाठी १ अब्ज डॉलर देऊ केले आणि त्यासाठी प्रतीक्षा आठवडा, काम शोधण्याची सक्ती वगैरे अटी सैल करण्याची अपेक्षा ठेवली. २७ मार्चच्या केअर्स कायद्याने तर पहिल्या आठवड्याचा नियमित भत्ता पूर्णपणे केंद्र भरेल असं सांगितलं, पण राज्याने केंद्रीय श्रम खात्याशी करार केल्यानंतर सुरू होणाऱ्या आठवड्यांपुरतं. म्हणून उशिरा कायदा बदलणाऱ्या राज्याला तेवढ्या आठवड्यांची भरपाई गमवावी लागण्याचा धोका होता.

मालकाचा कर यामुळे वाढला का?

कोरोनामुळे कमी केलेल्या माणसांचा भार मालकाच्या खात्यावर (ज्यावरून त्याच्या कराचा दर ठरतो) टाकू नये, हेही १८ मार्चच्या कायद्यातल्या अपेक्षांपैकी एक होतं, आणि बऱ्याच राज्यांनी तसं केलं. फंड रिकामे झाल्याने पुढे सगळ्यांचेच दर वाढले ती गोष्ट वेगळी, आणि तिचं खापर एका आठवड्याच्या माफीवर फोडता येणार नाही.

प्रतीक्षा आठवडा काढल्यामुळेच फसवणूक झाली, हे खरं का?

फसवणूक प्रचंड झाली, यात वाद नाही. अमेरिकेच्या केंद्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२३ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार महामारीच्या काळात बेकारी योजनांतले १०० ते १३५ अब्ज डॉलर लबाडांच्या हाती गेले. पण त्यातला मोठा गळतीचा भाग स्वयंरोजगारवाल्यांच्या नव्या योजनेत होता. तिथे सुरुवातीला अर्जदाराने स्वतः लिहून दिलेलं कारण आणि मिळकतच ग्राह्य धरली जायची, पडताळायला मालकच नव्हता. चोरलेल्या ओळखीवर अर्ज करणारी टोळी सात दिवस थांबायला तयार असते. तिला अडवते ती ओळखीची पडताळणी. थांबायला तयार नसतं ते भाडं थकलेलं घर.

माफी संपली कधी?

केंद्राची पूर्ण भरपाई आधी ३१ डिसेंबर २०२० पर्यंत होती. त्या महिन्याच्या शेवटी नव्या कायद्याने ती निम्म्यावर आणून मार्च २०२१ पर्यंत ओढली, आणि मार्च २०२१ च्या कायद्याने पुन्हा पूर्ण करून ६ सप्टेंबर २०२१ पर्यंत नेली. राज्यांनी मात्र आपापल्या तारखांना प्रतीक्षा आठवडा परत आणला. त्यामुळे २०२१ मध्ये नवीन दावा करणाऱ्यांना ‘गेल्या वर्षी तर पहिल्या आठवड्याचे मिळाले होते’ असा धक्का बसला.

इतर देशांनी काय केलं?

कॅनडात बेकारी विम्याचा प्रतीक्षा काळ २०१७ पासून दोन आठवड्यांवरून एकावर आला होता. मार्च २०२० मध्ये विलगीकरणात असलेल्यांसाठी आजारपणाच्या भत्त्यातला तो माफ झाला, आणि लगोलग चार आठवड्यांना २,००० डॉलर देणारी स्वतंत्र आणीबाणी योजना आली. स्वीडनने सहा दिवसांचा बिनपैशाचा काळ मार्चअखेर स्थगित केला, फिनलंडने पाच दिवसांचा. ब्रिटनने आजारपणाच्या पगारातले पहिले तीन दिवस कोरोनापुरते १३ मार्चपासून भरून दिले.

ऑस्ट्रेलियाचं प्रकरण जास्त बोलकं आहे. तिथे एका आठवड्याच्या साध्या प्रतीक्षेखेरीज बँकेत बचत असणाऱ्यांना तेरा आठवड्यांपर्यंत थांबवणारा नियम आहे. आधी शिल्लक खा, मग या. २०२० मध्ये तोही सप्टेंबरपर्यंत स्थगित ठेवला, आणि माझ्या मते तिथल्या लोकांना साध्या आठवड्यापेक्षा याचाच खरा आधार झाला.

भारतात असं काही होतं का?

होतं, पण फक्त राज्य कामगार विमा योजनेत असलेल्यांसाठी. १ जुलै २०१८ पासून सुरू झालेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या मिळकतीच्या २५ टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, तीही आयुष्यात एकदाच मिळायची. आणि दावा करायला नोकरी जाऊन ९० दिवस उलटावे लागत. ऑगस्ट २०२० मध्ये ही विमा योजना चालवणाऱ्या महामंडळाने २४ मार्च ते ३१ डिसेंबर २०२० या काळासाठी हे बदललं: रक्कम ५० टक्के, थांबणं ९० ऐवजी ३० दिवस. पुढे या सवलतींना मुदतवाढ मिळत गेली.

दुसरा बदल कागदावर किरकोळ दिसतो, पण कामगाराच्या दृष्टीने तोच मोठा. आधी दावा जुन्या मालकामार्फत जायचा. ज्याने काढून टाकलं त्याच्याच दारात सहीसाठी उभं राहायचं. आता अर्ज थेट महामंडळाच्या शाखा कार्यालयात करता येऊ लागला. या सगळ्यातून नाका कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, फेरीवाले हे अर्थातच बाहेर होते.

चांगला नियम होता, तर कायमचाच का ठेवला नाही?

काही ठिकाणी तो विचार चालू आहे, आणि कॅनडाने तर हे हत्यार म्यानातून पुन्हा काढलं: अमेरिकी आयातशुल्काचा फटका बसलेल्या कामगारांसाठी मार्च २०२५ च्या शेवटी एका आठवड्याचा प्रतीक्षा काळ परत माफ झाला. कायमचा काढायला फंडाचा खर्च आडवा येतो.

पण नुसता काढून काय होतं ते ब्रिटनमध्ये दिसलं. तिथल्या युनिव्हर्सल क्रेडिट या, बेकार आणि कमी मिळकतीच्या लोकांना दरमहा मदत देणाऱ्या योजनेतले सात प्रतीक्षा दिवस फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द झाले. त्याआधी पहिला हप्ता यायला साधारण सहा आठवडे लागत. त्यानंतर पाच लागू लागले, कारण उरलेला वेळ महिन्याचा हिशेब आणि तो झाल्यानंतरच्या वाटपाचा होता. मार्च २०२० मध्ये लाखो नवे अर्ज आले तेव्हाही पाच आठवडे तसेच राहिले. त्याआधी पैसे हवे असतील तर उचल घ्यायची, आणि ती पुढच्या हप्त्यांतून कापली जायची.